सहदेवाचा उतार

माझ्या आईवरून गावात जे भांडण पेटलं, त्याची काडी मीच लावली होती, तीही एका पोस्टकार्डानं. कार्डाच्या माथ्यावर मी 'तीर्थरूप आईस' असं लिहिलं होतं. आता यात भांडण्यासारखं काय आहे? वडीलधाऱ्यांना तीर्थरूप लिहायचं हे आम्ही शाळेत पाढ्यासारखं पाठ करत असू. अर्थ कुणी विचारत नसे, आणि विचारलाच तर मास्तर छडीकडे बघत. माझ्या आईनं मात्र विचारला. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून बहुधा विचारायची लाजही वाटली नाही.

तिचं नाव रुखमाबाई. तिच्याबद्दल मी हे लिहिते आहे हे तिला कळलं असतं तर तिनं कागद चुलीत घातला असता. ती गेल्याला आता बरीच वर्षं झाली, म्हणून धीर होतोय.

आमचं गाव टाकळी. बुलढाणा जिल्ह्यात टाकळ्या ढीगभर आहेत, आमची पूर्णेच्या उत्तर काठावरची. पलीकडे नांदुरा, म्हणजे कापसाचा बाजार, रेल्वे, दवाखाना आणि माझी शाळा. अलीकडे पार संग्रामपूरपर्यंत काळी जमीन. मधे नदी, आणि नदीवर पूल नाही. पावसाळाभर माणसं डोंग्यातून जायची, पण बैलगाडी काही डोंग्यात बसत नाही. कापूस वेचून झाला की गाड्या नदीतूनच हाकाव्या लागत, आणि त्यासाठी उतार सापडावा लागे.

उतार म्हणजे नदी पायी ओलांडता येते ती जागा. ती कायमची नसते. पूर्णा दर पावसाळ्यात आपला तळ बदलते. गेल्या साली जिथून गाड्या खडखडत गेल्या, तिथं यंदा पुरुषभर डोह असतो. किंवा त्याहून वाईट म्हणजे वर मांडीभर पाणी आणि खाली फसवी रेती. म्हणून दरवर्षी कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी एक माणूस वेळूची काठी घेऊन गावासमोर नदीत उतरायचा, तळ चाचपत पलीकडे जायचा आणि येताना दोन्ही बाजूंनी खुंट्या ठोकत यायचा. खुंट्यांना लाल चिंध्या बांधलेल्या असत. त्याआधी त्याची बायको नदीची ओटी भरायची. हा मान आमच्या घरात होता. त्याबद्दल प्रत्येक नांगरामागे पायलीभर ज्वारी मिळे. दोन एकर कोरडवाहूत आमचं जे भागत नसे, ते त्या ज्वारीत भागे. मी नांदुऱ्याला मामाकडे राहून मॅट्रिकपर्यंत शिकत होते तीही त्याच ज्वारीवर. दर महिन्याला एक पोतं डोंग्यातून मामाकडे जायचं.

माझे वडील सहदेव हे गावाचे उतार पाहणारे. गाव त्यांना फार मानायचं. 'सहदेवाची टाच खोटं बोलत नाही' असं म्हणायचे.

टाच खोटं बोलत नव्हती हे खरंच. फक्त ती टाच त्यांची नव्हती.

ते वारले त्याच्या चार वर्षं आधी त्यांचा उजवा गुडघा गेला. ठरलेल्या सरळ वाटेनं ते काठीच्या आधारानं कसेबसे नदी ओलांडू शकत. पण दोन-दोन दिवस पाण्यात उभं राहून वाट शोधणं त्यांना शक्य नव्हतं. तेव्हापासून कोजागिरीच्या आधीचे दोन दिवस आई म्हैस धुवायला नदीवर न्यायची. भर दुपारी सगळ्यांच्या देखत ती म्हशीच्या मागं मागं पाण्यात शिरायची. म्हैस पुढे, आई तिच्या पाठीवर हात ठेवून, आणि खाली टाच. रेती करकरली की पाया पक्का, दह्यासारखी लागली की माघार. बाबा बाभळीखाली विडी ओढत बसलेले असत. गावाला म्हैस दिसायची, आई दिसायची नाही. रात्री जेवताना ती सांगायची, "बाभळीपासून निंघा, पांढऱ्या दरडीकडं पाहत चाला, अर्ध्यात डाव्या हाताले दाबा." दुसऱ्या दिवशी बाबा तसेच चालत आणि गाव टाळ्या पिटायचं. हे आम्हा तिघांनाच माहीत होतं.

महाराष्ट्र होऊन दोन वर्षं झाली होती, त्या श्रावणात बाबा तापानं गेले. गावानं त्यांचा मान राखला. त्यांची उताराची काठी तिरडीवर त्यांच्या शेजारी ठेवली आणि त्यांच्याबरोबरच जाळली. त्या दिवशी आई रडली नाही, नुसती काठीकडे बघत राहिली.

चुलीवर पुढच्या वर्षी काय शिजणार हा प्रश्न तिला तेराव्याच्या आधीच पडला असणार. उताराचं काम हातचं गेलं असतं तर ज्वारी गेली असती आणि ज्वारीबरोबर माझी शाळाही. मॅट्रिकला सहा महिने उरले होते. मामा चांगला होता, पण मामीला दोन वेळच्या भाकरी मोजायची सवय होती.

मी नांदुऱ्याला परत गेले आणि तिला ते कार्ड लिहिलं. तोवर मी पत्रं बाबांच्या नावे लिहायचे. तिच्या नावाचं हे पहिलंच. वाचून दाखवायला ती शाळेत गेली, शालिग्राम गुरुजींकडे. गुरुजी गावातलेच, साधे, पण संस्कृत शिकलेले. त्यांनी 'तीर्थरूप आईस' एवढं वाचलं आणि तिनं त्यांना थांबवलं.

"गुरुजी, हे तीर्थरूप म्हंजे काय?"

"तीर्थासारखी. पवित्र. मोठ्या माणसाला लिहितात."

"ते समजलं. पन तीर्थ म्हंजे काय? मी त नुसती बाई हावो. माहं आन् तीर्थाचं काय?"

गुरुजींना इतक्या वर्षांत असा विद्यार्थी मिळाला नसावा. पुढं तेच मला हसत सांगायचे की त्या दिवशी चौथीचा वर्ग अर्धा तास गोंधळ घालत होता आणि मी तुझ्या आईला धातू समजावत होतो. ते म्हणाले, हा शब्द 'तॄ' या धातूपासून आला. तरणं, तारणं, तारू ही सगळी त्याचीच लेकरं. तीर्थ म्हणजे मुळात नदीवरची उतरून पलीकडे जायची जागा. माणसं, गुरं तिथून पाण्यात उतरत. पलीकडे जायचं म्हणजे जिवाची भीती, म्हणून तिथं थांबत, अंघोळ करत, हात जोडत. मग कुणी तिथं दिवा लावला, कुणी दगड मांडला, पायऱ्या बांधल्या, देऊळ झालं. पुढे त्या पाण्यालाच तीर्थ म्हणायला लागले आणि आता तर पळीभर पाणी तळहातावर घेतलं तरी ते तीर्थच. जो आपल्याला शिकवून पार नेतो त्या गुरूलाही जुने लोक तीर्थ म्हणत. आईबापांना लिहितात ते त्याच पोटी.

"म्हंजे पयले उतार आन् देऊळ मागून?" आईनं विचारलं.

"हो. नांदुऱ्याच्या जैन दुकानात ते तीर्थंकरांचं कॅलेंडर असतं ना? तीर्थंकर म्हणजे उतार करून देणारा. लोकांना पार जाता यावं म्हणून."

आई मग म्हणाली, "बरं झालं सांगतलं. आता बाकीचं कार्ड वाचा." बाकीच्या कार्डात मी दोन पेन्सिली आणि मिरच्यांचं लोणचं मागितलं होतं.

दसऱ्याच्या सुटीत मी घरी आले तेव्हा गावात उताराचाच विषय होता. देवळाच्या पारावर बैठक बसली. पंजाबराव पाटील मधोमध. कारभारीकाका, म्हणजे बाबांचे चुलतभाऊ, त्यांच्या शेजारी. काकांची बायको गीताबाई बायकांमध्ये. काका वाईट माणूस नव्हते. फक्त काठावर बसून पोहणाऱ्याला शिकवणाऱ्यांपैकी होते. नदीत कमरेच्या वर कधी भिजले नव्हते. आमच्या घराण्यातला आता तेच एक पुरुष, तेव्हा मान त्यांच्याकडे जाणार हे जवळपास ठरलेलं होतं.

काका म्हणाले, "मी उतार पायऱ्यापाशी पाहतो. तीर्थाच्या समोर. देवाच्या पायाशी धोका नसते."

महादेवाच्या पायऱ्या म्हणजे आमच्या गावचं तीर्थ. पर्वणीला सगळा परिसर तिथं बुडी मारायचा. बाबांच्या तरुणपणी उतारही तिथंच होता.

आई बायकांमधून उठली. डोक्यावरचा पदर नीट करून म्हणाली, "पाटील, यंदा पायऱ्यापाशी उतार नाई. पुरानं तिथची रेती उकरून नेली. मले पाहू द्या."

बैठकीत कुजबुज झाली. पंजाबराव समजुतीनं म्हणाले, "रुखमाबाई, तुयं दुःख आमाले समजते. ज्वारीची काही सोय पाहू. पन उताराची पूजा असते, ओटी असते. तुले कसं जमनार ते?"

"मले मान नको. पूजा भाऊजीनं कराव, ओटी गीताबाईनं भराव. फकस्त पान्यात पाय माहे पडू द्या."

"तीर्थाची जागा बदलत नसते, वहिनी," काका म्हणाले.

"तीर्थ म्हंजेच उतार. गुरुजीले इचारा. उतार सरकला की तीर्थ सरकते."

सगळे गुरुजींकडे वळले. गुरुजींनी बिचाऱ्यांनी पुन्हा धातू सांगितला. कुणीतरी मागून म्हणालं, "गुरुजी, आमच्या उकंडरावचं तीर्थ त भट्टीतून निंघते, त्याचा धातू कोनता?" पार हसला. उकंडरावही हसला, कारण तो नुकताच ते घेऊन आला होता. आणि त्या हसण्यात आईची बाजू वाहून गेली. पंजाबराव म्हणाले, "गुरुजी, शास्त्र शाळेत ठेवा. नदी आमची हाये." ठरलं, खुंट्या पायऱ्यांसमोर, काठी कारभारीच्या हाती.

घरी येऊन मी भडकले. "माय, तू सांगत काऊन नाई? चार वर्सं उतार तू पाह्यला! एक शबुद बोलली असती त सारे चूप बसले असते!"

ती पीठ मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "तुया बापाच्या तिरडीवर त्या लोकाईनं काठी ठेवली. आता मी जाऊन सांगू, की ते काठी खोटी होती?"

"मंग मी सांगीन."

तेव्हा तिनं हात थांबवले. "कोकिळे, आजपासून हे तोंडातून निंघालं त तू माही पोरगी नाई. मेल्या माणसाचं नाव विकून मले भाकर खाची नाई. उतार मी पाहीन. आन् त्याईचं नाव बी राहील."

ते कसं जमणार हे तिला माहीत असेल असं मला वाटलं नाही. पण दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं म्हैस सोडली. मीही बरोबर गेले. दोन दिवस ती पाण्यात होती. सवयीप्रमाणे कुणी लक्ष दिलं नाही. पायऱ्यांसमोर तिनं म्हैस नेली, दहा पावलांवर म्हशीनं नाक फेंदारून पाय मागे घेतले. वरच्या बाजूला डोह. मग ती खाली खाली सरकत गेली. तिसऱ्या प्रहरी मसणवटीसमोर तिचा चेहरा बदलला. तिथून थेट पलीकडच्या दरडीपर्यंत तिची टाच एकदाही दबली नाही.

ती परत आली, पाणी निथळत काठावर बसली आणि समोर बघू लागली. त्या जागेपासून वीस पावलांवर दोन महिन्यांपूर्वी बाबांना अग्नी दिला होता. राख पावसानं धुऊन नेली होती. "पाह्य," ती म्हणाली, "कुठं नेऊन ठेवला यंदा उतार." मग ती ढसाढसा रडली, श्रावणात राहिलेलं सगळं. रडून झालं तशी उठली आणि बोरीच्या काठ्या तोडायला गेली. संध्याकाळपर्यंत खुंट्या ठोकून झाल्या; मसणवटीकडं सहसा कुणी फिरकत नसे, म्हणून त्या कुणाच्या नजरेस पडल्या नाहीत. तिला चिंध्यांसाठी लाल कापड मिळेना, तेव्हा तिनं आपलं लग्नातलं लुगडं फाडलं. मी हात धरला तर म्हणाली, "आता नेसाचं हाये का मले ते?"

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं गाव पायऱ्यांवर होतं. पंजाबरावांची पहिल्या वेच्याच्या कापसाची गाडी पाण्याच्या काठाशी उभी होती. गीताबाईंनी ओटी भरली, खण-नारळ पाण्यात सोडला. काकांनी नवी काठी कपाळाला लावली आणि ते उतरले. आई खालच्या अंगाला आपली म्हैस धरून उभी होती. विधवा बाई पूजेत नको म्हणून तिला लांब राहायला सांगितलंच होतं.

काका दहा पावलं गेले, अकरावं टाकलं आणि गुडघ्यापर्यंत रेतीत गेले. पाय ओढायला दुसऱ्यावर जोर दिला तर तो मांडीपर्यंत. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. पाणी त्यांच्या छातीला लागलं. काठावर आरडाओरडा झाला, दोन गडी धोतर खोचून धावले.

"कोनी उतरू नका!" आई ओरडली. तिचा तो आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. गडी जागेवर थांबले. "भाऊजी, पाय वढू नका! काठी आडवी टाका, तिच्यावर छाती ठिवा!"

ती म्हशीसह पाण्यात शिरली. खालच्या बाजूनं, पक्क्या रेतीच्या कडेकडेनं, एक एक पाऊल दाबून बघत ती काकांपासून दोन हातांवर पोचली. म्हैस तिथं उभी केली. काकांनी काठीचं टोक पुढं केलं, आईनं ते धरून त्यांना तसूतसूनं ओढलं आणि हात पुरताच त्यांनी म्हशीचं शेपूट पकडलं. आईनं म्हशीला हाकललं. वैतरणी तरायला गाय लागते म्हणतात. कारभारीकाकांचं म्हशीवर भागलं. ते काठावर आले तेव्हा त्यांच्या अंगावर धोतर उरलं नव्हतं, पण त्या दिवशी हसायचं कुणाला सुचलं नाही.

पंजाबराव खाली आले. "रुखमाबाई, मंग उतार कुठं हाये?"

तिनं हात करून दाखवलं. मसणवटीसमोर लाल चिंध्या वाऱ्यावर हलत होत्या. 

"तिथून?" पाटील म्हणाले. "पयला कापूस, लक्ष्मी म्हंतो आपन त्याले, मसणातून न्याचा?"

"त्या वाटंनं आपन समदेच जानार हावो, पाटील," आई म्हणाली. "मेल्यावर चौघाच्या खांद्यावर जाच्या आंधी एकडाव बैलं जुपून जाऊन पाहा."

आधी उकंडराव हसला, मग बाकीचे. तरी कुणी हलेना. शेवटी गीताबाई पुढं झाल्या. नवरा नुकताच थोडक्यात वाचला होता. त्या म्हणाल्या, "मी ओटी नदीची भरली, पायऱ्याईची नाई. आन् ते पाहा नारळ कुठं चाललं." नारळ खरंच वाहत वाहत खुंट्यांच्या रांगेत शिरला होता आणि एका खुंटीला अडून डुलत होता. 

पंजाबरावांनी गाडी वळवायला सांगितली. मग ते आईकडे वळून सगळ्यांसमोर म्हणाले, "रुखमाबाई, हे तुले कोनं शिकवलं?"

माझे दात ओठात रुतले होते. आता तरी सांग, मी मनात म्हणत होते. आता तुला कुणी खोटं म्हणणार नाही. काका गुडघ्यात मान घालून बसले होते, पाटील वाट बघत होते, सगळं गाव ऐकत होतं. चार वर्षांची सगळी मेहनत एका वाक्यात तिच्या पदरात पडली असती.

आईनं ओला पदर पिळला. "त्याईनं शिकवलं," ती म्हणाली. "चार वर्सं ते पान्यात राह्यचे, मी काठावर म्हैस धरून पाह्यची. हा उतार बी त्याईचाच हाये."

आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

गाड्या पार झाल्या. एकही चाक रुतलं नाही. पंजाबरावांनी तिथंच सांगितलं की इथून पुढे उतार रुखमाबाईच पाहील, ज्वारी पहिल्यासारखी. पूजा कारभारीकाकांकडे राहिली. ती त्यांनी नंतर दरवर्षी आईला विचारून, ती दाखवेल त्या जागी केली. मी मॅट्रिक झाले, पुढे मास्तरीण झाले. आईनं नऊ वर्षं उतार पाहिला. कधी तो पायऱ्यांकडे सरकला, कधी बाभळींकडे, आणि लोक आपोआप जिथं उतार तिथं नारळ फोडायला लागले. मग पूल झाला आणि आईनं म्हैस विकली.

मरेपर्यंत तिनं आपलं म्हणणं बदललं नाही. शेवटच्या दुखण्यात मी एकदा विचारलं, "माय, आता तरी सांगू का?" तिनं मान हलवून नाही म्हटलं. मी शब्द दिला.

पुलाजवळ एसटी थांबते त्या थांब्याला आजही 'सहदेवाचा उतार' म्हणतात. कंडक्टर तसंच ओरडतो. दर खेपेला मी तिथंच उतरते. बाबांवर माझी माया कमी नाही. पण मी आयुष्यभर मुलांना खरं लिहायला शिकवलं, आणि माझ्याच घरातलं एवढं मोठं खोटं थांब्याच्या पाटीवर चढलेलं मी वाचत आले.

तीर्थरूप आई, आज तुला दिलेला शब्द मी मोडते. तू रागावशील, रागाव. तो उतार रुखमाबाईचा होता.